टॅपेट कव्हरचे पॅकिंग : मुंबई परिसरातील मोटारीच्या घरगुती देखभालीचा इतिहास
(विशेष संदर्भ : गोडदेव, भाईंदर पूर्व)

प्रस्तावना

भारतातील मोटार उद्योगाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचा भर प्रामुख्याने उत्पादन, परवाना धोरण, कामगार चळवळ आणि बाजारपेठ या बाबींवर राहिला आहे. मोटार विकत घेतल्यानंतर ती पंधरा-वीस वर्षे चालती ठेवण्यासाठी जे श्रम खर्ची पडले, त्यांची नोंद या लेखनात अपवादानेच आढळते. डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मध्ये 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोधापेक्षा वापराला आणि दुरुस्तीला महत्त्व देण्याची गरज मांडली. डेव्हिड अर्नोल्ड यांच्या 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' (२०१३) या ग्रंथाने सायकल, शिवणयंत्र, टंकलेखन यंत्र आणि भातगिरणी यांच्या आधारे भारताच्या संदर्भात हीच दृष्टी वापरून दाखविली. मोटारीच्या घरगुती दुरुस्तीकडे मात्र मराठीत अद्याप इतिहासाचा विषय म्हणून पाहिले गेलेले नाही.

प्रस्तुत लेख अशाच एका लहान कामापुरता मर्यादित आहे. इंजिनच्या माथ्यावरील झाकण, म्हणजे गॅरेजच्या भाषेत टॅपेट कव्हर, घरच्या घरी उघडणे, त्याखालचे पॅकिंग बदलणे आणि तेल गळणार नाही अशा रीतीने ते पुन्हा बसविणे, हे ते काम होय. काम क्षुल्लक वाटते. परंतु गाडीचा मालक स्वतः कुठवर हात घालू शकतो आणि कुठून पुढे मिस्त्रीचा अधिकार सुरू होतो, याची सीमारेषा अनेक दशके याच झाकणावरून गेली होती. ही रेषा कशी आखली गेली आणि पुढे ती कशी सरकली, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

शब्द आणि वस्तू

पेट्रोल इंजिनात इंधनमिश्रित हवा आत घेण्यासाठी आणि जळालेला वायू बाहेर सोडण्यासाठी व्हॉल्व्ह असतात. ज्या इंजिनांत हे व्हॉल्व्ह माथ्यावर बसविलेले असतात, तेथे त्यांना दाबणारे रॉकर सतत तेलात भिजलेले राहावे लागतात. हे तेल बाहेर उडू नये आणि बाहेरची धूळ आत जाऊ नये, एवढ्यासाठी वर एक झाकण असते. झाकण आणि हेड यांच्यामधील फट बुजविण्याचे काम पॅकिंग करते. इंग्रजी पुस्तकांत या झाकणाला व्हॉल्व्ह कव्हर किंवा रॉकर कव्हर म्हटलेले असते. मुंबईच्या गॅरेजात मात्र ते टॅपेट कव्हर म्हणूनच ओळखले जाते.

हे नाव विचार करण्याजोगे आहे, कारण माथ्यावर व्हॉल्व्ह असलेल्या जुन्या इंजिनांत टॅपेट झाकणाखाली नसतातच. ते खाली, कॅमशाफ्टजवळ, ब्लॉकच्या पोटात असतात. त्याआधीच्या इंजिनांत व्हॉल्व्हही ब्लॉकच्या बाजूला असत आणि टॅपेट पाहण्यासाठी बाजूचे एक झाकण काढावे लागे. त्या झाकणाला टॅपेट कव्हर म्हणणे सर्वस्वी योग्य होते. पुढे व्हॉल्व्ह वर गेले, झाकण वर गेले आणि नावही त्याच्याबरोबर वर गेले, असे अनुमान करता येते. इंग्लंडमधील कारागिरांच्या बोलीतही हा शब्द सापडतो. तेव्हा तो आपल्याकडे आयता आला असावा. हे संक्रमण भारतीय रस्त्यांवर प्रत्यक्ष घडलेले आहे. १९५७ मध्ये आलेल्या पहिल्या अ‍ॅम्बॅसॅडरचे इंजिन बाजूच्या व्हॉल्व्हचे होते आणि थोड्याच काळात त्याची जागा माथ्यावर व्हॉल्व्ह असलेल्या १४८९ सीसी इंजिनाने घेतली. महिंद्रने मुंबईत बांधलेल्या जीपच्या हरिकेन इंजिनात तर आत घेणारे व्हॉल्व्ह वर आणि बाहेर सोडणारे बाजूला, अशी दुहेरी रचना होती. त्या इंजिनाला दोन्ही जागी झाकणे होती. एकाच गाडीत दोन पिढ्या सांभाळणाऱ्या मिस्त्रीने एकच शब्द दोन्हींना वापरला, यात नवल नाही.

टंचाईच्या काळातील गाडी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लर समूहाच्या अमेरिकन गाड्या आणि नंतर इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या तयार होऊ लागल्या. १९५० च्या दशकाच्या मध्यास फियाट ११०० आली, १९६४ मध्ये तिची 'डिलाइट' ही आवृत्ती आली आणि १९७४ मध्ये तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. याच दशकात, १९५४ पर्यंत, जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी मुंबईतील जुळणीचे काम गुंडाळले होते. ग्राहकापुढे मुख्यतः तीन देशी उत्पादक उरले. मागणी जास्त आणि उत्पादन कमी असल्यामुळे फियाटसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. १९६९ मध्ये सरकारने गाड्यांच्या विक्रीच्या किमती आदेशाने ठरविल्या. उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि किमतींच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला.

या सर्व आर्थिक इतिहासाचा गाडीच्या बॉनेटखाली उमटलेला परिणाम येथे महत्त्वाचा आहे. जी गाडी मिळण्यास वर्षे लागतात, ती सहज टाकून देता येत नाही. शिवाय १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे, कार्ब्युरेटरवर चालणारे इंजिन मुळात फारसे बदलले नाही. त्यामुळे एका गाडीवर शिकलेले काम दुसऱ्या गाडीवर लागू पडे आणि बापाने शिकलेले मुलालाही उपयोगी पडे. उत्पादनातील साचलेपणाबद्दल त्या काळातील उद्योगावर बरीच टीका झाली आहे आणि ती रास्तही आहे. दुरुस्तीच्या ज्ञानाच्या दृष्टीने मात्र तेच साचलेपण उपकारक ठरले, हे मान्य करावे लागते.

ब्रिटनमध्ये हेन्स यांची घरगुती दुरुस्तीची पुस्तके १९६६ पासून निघू लागली. त्यांत एक मालिकाच एखादी गाडी पूर्ण खोलून, पुन्हा जुळवून, छायाचित्रांसह लिहिलेली असे. मराठीत यंत्रांविषयीच्या लेखनाची परंपरा नव्हती असे नाही. १९२० मध्ये सुरू झालेली 'किर्लोस्कर खबर' ही मुळात यंत्रे बनविणाऱ्या कारखान्याचीच पत्रिका होती. परंतु पुढे तिचे रूपांतर सर्वसाधारण मासिकात झाले आणि मोटारीचे बॉनेट उघडून दाखविणारे लोकप्रिय वाङ्मय मराठीत रुजले नाही. हे ज्ञान तोंडी राहिले. मुंबईत त्याचा मोठा साठा टॅक्सीचालकांकडे होता. तारिणी बेदी यांच्या 'मुंबई टॅक्सीमेन' (२०२२) या ग्रंथात पालनपूरकडील चिलिया समाजाच्या टॅक्सीचालकांचा जो अभ्यास आहे, त्यातून गाडीशी असलेले हे कौटुंबिक आणि पिढीजात नाते स्पष्ट होते.

कामाची रीत

टॅपेट कव्हरमधील गळतीची पहिली खूण नाकाला लागते. झिरपलेले तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडले की जळका वास येतो आणि सिग्नलला उभ्या गाडीच्या बॉनेटमधून निळसर धूर दिसतो. दुसरी खूण अधिक फसवी असते. झाकणाच्या मागच्या कडेने सुटलेले तेल ब्लॉकवरून ओघळत खाली गिअरबॉक्सच्या जोडापर्यंत येते आणि सकाळी गाडीखालच्या फरशीवर डाग पडतो. तो डाग पाहून इंजिनच्या मागचे सील गेले असा निष्कर्ष काढला, तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरविण्याचे काम निघते. पॅकिंगचा खर्च आणि इंजिनकामाचा खर्च यांत जमीनअस्मानाचे अंतर असल्यामुळे हे निदान मालकासाठी कळीचे ठरे. ज्याला टॅपेट कव्हर माहीत होते, तो मिस्त्रीला 'आधी वरून पुसून बघू' असे म्हणू शकत होता. ज्याला ते माहीत नव्हते, त्याला सांगितलेला आकडा मान्य करावा लागे. बहुसंख्य मिस्त्री प्रामाणिक होते, हे गृहीत धरले तरी दोघांमधील ज्ञानाची ही विषमता दृष्टीआड करता येत नाही.

प्रत्यक्ष काम इंजिन थंड असतानाच करावयाचे असे. एअर क्लीनर आणि आड येणाऱ्या नळ्या बाजूला केल्या की झाकणाचे नट समोर येत. फियाटचे नट मिलिमीटरच्या मापाचे, तर अ‍ॅम्बॅसॅडरचे इंचाच्या मापाचे. त्यामुळे शेजाऱ्याचा पाना उसना आणताना त्याची गाडी कोणती हे आधी पाहावे लागे. (वजन-मापांच्या दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा असला तरी हत्यारांच्या पेटीत दोन्ही राज्ये दीर्घकाळ सुखाने नांदली.) नट काढल्यावरही झाकण सहसा सुटत नाही, कारण जुने पॅकिंग चिकटून बसलेले असते. अशा वेळी पेचकस घालून उचकटणे हा नवशिक्याचा मार्ग होय. त्याने हेडच्या अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा उठतो आणि पुढे कितीही चांगले पॅकिंग घातले तरी त्या ओरखड्यातून तेल वाट काढते. जाणकार मनुष्य हातोडीच्या लाकडी दांड्याने झाकणाला बाजूने हलकेच ठोकतो.

झाकण निघाल्यावर उघड्या रॉकरवर स्वच्छ फडके टाकणे आवश्यक असते, कारण खरवडलेल्या कॉर्कचा तुकडा तेलाच्या वाटेने खाली गेला तर तो पंपाच्या जाळीपर्यंत पोहोचू शकतो. झाकण उघडेच आहे म्हटल्यावर फिलर गेजने टॅपेटची फट तपासून घेण्याची पद्धत होती. पॅकिंग बदलणे हे निमित्त आणि टॅपेट सेटिंग हे खरे काम, असेही अनेकदा होई. झाकण रॉकेलने धुऊन, उताणे ठेवून त्याची कड पाहिली जाई. मागच्या वेळी कोणी नट अति आवळले असतील, तर भोकांभोवतीचा पत्रा खळग्यासारखा खाली गेलेला असतो. अशी कड लाकडी ठोकळ्यावर धरून हातोडीने पुन्हा सपाट करणे, हा या कामातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत निर्णायक टप्पा होय. दर काही महिन्यांनी पॅकिंग बदलूनही ज्यांची गळती थांबत नसे, त्यांपैकी पुष्कळांचा दोष पॅकिंगमध्ये नसून या पत्र्यात असे.

जुन्या पॅकिंगचा पदार्थ कॉर्क. कॉर्क उष्णतेने सुकतो, आकसतो आणि ठिसूळ होतो. दुकानात बराच काळ पडून राहिलेले नवे पॅकिंगही आकसून भोके जुळेनाशी होत. तेव्हा ते थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवून मूळ आकारावर आणीत. तयार पॅकिंग न मिळाल्यास शीट आणून घरीच कापण्याची रीत होती. शीट झाकणाच्या कडेवर ठेवायची आणि बॉलपिन हातोडीने कडेकडेने ठोकत जायचे. कड स्वतःच शीट कापून देते. पॅकिंग झाकणाच्या बाजूला शेलॅकने चिकटवीत आणि ते वाळेपर्यंत दोऱ्याने बांधून ठेवीत. हेडच्या बाजूला मात्र ते कोरडे ठेवीत, म्हणजे पुढच्या वेळी झाकण सहज निघे.

शेलॅकविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. हा पदार्थ लाखेपासून बनतो आणि लाखेचे मोठे उत्पादन छोटा नागपूरच्या जंगलांतून होते. १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे लाख संशोधन संस्था स्थापन झाली, ती या पदार्थाच्या निर्यातमूल्यामुळे. इटलीत आखलेले इंजिन, कुर्ल्यात ओतलेला ब्लॉक आणि झारखंडच्या कुसुम-पळसावरची लाख, असा हा जोड होता. पुढे सिलिकॉनचे सीलंट ट्यूबमध्ये मिळू लागले आणि शेलॅकची बाटली मागे पडली. सिलिकॉन वापरण्यास सोपे असल्यामुळे ते सढळ हाताने थापण्याची सवय लागली. झाकण आवळल्यावर आत पिळून आलेला त्याचा जादा भाग सुटून तेलाच्या मार्गात अडकू शकतो, हा धोका शेलॅकच्या पातळ थराला नव्हता.

शेवटी नट आवळणे. ते एका टोकाकडून ओळीने आवळायचे नाहीत. मधून सुरुवात करून आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. गाडी तापवून, थंड करून पुन्हा एकदा किंचित आवळायचे. आजच्या बहुतेक गाड्यांच्या माहितीपत्रकात या जागी ५ ते १० न्यूटन-मीटरच्या आसपासचा जोर सांगितलेला असतो, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे.

इतके करूनही चार दिवसांत तेल पुन्हा दिसले, तर अनुभवी मिस्त्री पॅकिंगकडे पाहत नसे. तो इंजिन चालू ठेवून तेलाचे झाकण उघडी आणि तेथून धूर फुंकला जातो का ते पाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ज्वलनाचा वायू खाली उतरतो, क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि तो दाब सर्वांत कच्च्या जोडातून तेल बाहेर ढकलतो. याला 'बॅक कॉम्प्रेशन' असे म्हणत. ब्रीदरची नळी तुंबली असली तरी हेच घडते, म्हणून आधी ती साफ करून पाहत. रिंगाच गेल्या असतील तर मात्र मालकाने पाना खाली ठेवावा हे उत्तम.

गोडदेव आणि 'घरी' या शब्दाचा अर्थ

पाश्चात्त्य पुस्तकांत घरी दुरुस्ती म्हणजे स्वतःच्या बंदिस्त गॅरेजमध्ये केलेली दुरुस्ती. मुंबई परिसरात हा अर्थ लागू पडत नाही, आणि त्यासाठी गोडदेवचे उदाहरण बोलके आहे. भाईंदर पूर्वेचे हे मूळचे गाव. आसपास शेती आणि खाडीकडे मिठागरे. १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली आणि २००२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख होती; २००१ मध्ये ती ५,२०,३८८ आणि २०११ मध्ये ८,०९,३७८ झाली. दोन दशकांत साडेचार पटींहून अधिक झालेली ही वाढ मुख्यतः मुंबईतून परवडणाऱ्या घराच्या शोधात आलेल्या मध्यमवर्गाची आणि श्रमिकांची होती. गोडदेवच्या गावठाणाभोवती चाळी, चार मजली इमारती आणि लघुउद्योगांचे गाळे उभे राहिले.

या वाढीचा काळ आणि फियाट जुन्या बाजारात उतरण्याचा काळ एकच आहे. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. नवी गाडी नव्या तंत्राची मिळू लागल्यावर जुन्या फियाटची किंमत उतरली आणि ती पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्याच्या आवाक्यात आली. ज्या उपनगरात घर स्वस्त होते, तेथेच जुनी गाडी घरी आणणारा वर्गही वसत होता. त्याच्याकडे गॅरेज नव्हते. त्याच्या दृष्टीने 'घरी' म्हणजे इमारतीचे आवार, कुंपणाच्या भिंतीलगतची जागा किंवा नाक्यावरचा रस्त्याचा कडेचा भाग. टॅपेट कव्हर अशा ठिकाणी उघडले जाई, तेव्हा ते एकांतात उघडले जात नसे. वरच्या मजल्यावरून पाहणारे, पाना आणून देणारे, न विचारता सल्ला देणारे, असे सर्व त्यात सामील असत. जवळच्या गाळ्यातील लेथवर एखादा आटे गेलेला स्टड नवा करून घेणे शक्य होते. तोंडी ज्ञान जिवंत राहण्यास अशी उघडी जागा लागते. बंद गॅरेजात ते एकट्याचेच राहिले असते.

मात्र ही जागा कोणाची, हा प्रश्न निकालात निघालेला नव्हता. गोडदेवपासून फार दूर नसलेल्या दहिसर (पूर्व) येथील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेचा वाद या संदर्भात मूलगामी ठरतो. इमारतीच्या खांबांखालील मोटारी ठेवण्याच्या जागा आपल्या असून त्या विकण्याचा हक्क आपल्याला आहे, असा दावा विकासकाने केला होता. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियम, १९६३ मधील सदनिकेच्या व्याख्येत गॅरेजचा उल्लेख आहे. परंतु खांबांखालची मोकळी जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती इमारतीच्या सामाईक सोयींचा भाग होय, असे न्यायालयाने ठरविले. विकासकांच्या मनमानीपासून रहिवाशांना मिळालेले हे संरक्षण मोलाचे आहे. त्याचबरोबर एक गोष्ट कायद्याने स्पष्ट झाली. या परिसरातील मोटार मालक ज्या जागेत बॉनेट उघडून उभा राहत होता, ती जागा त्याची एकट्याची नव्हती. सामाईक जागेत तेलाचे डाग पाडण्यास संस्थेने हरकत घेतली, तर त्याच्याजवळ रीतीखेरीज दुसरे उत्तर उरत नाही.

झाकणाचे रूपांतर

मारुती ८०० च्या इंजिनात कॅमशाफ्टच वर आला होता, तरीही झाकण उघडून टॅपेट लावणे मालकाला शक्य होते. खरा बदल पुढच्या पिढीत झाला. झाकण पत्र्याऐवजी प्लॅस्टिकचे झाले. कॉर्कच्या जागी साच्यात घडविलेले रबराचे पॅकिंग आले, जे खाचेत बसते आणि कोणतेही सीलंट मागत नाही. क्रँककेसमधील वायू परत जाळण्यासाठी लागणारा व्हॉल्व्ह पुष्कळ गाड्यांत झाकणातच सामावला गेला. प्रत्येक स्पार्क प्लगवर स्वतंत्र कॉइल बसली. पॅकिंग अधिक टिकाऊ झाले, हा निःसंशय लाभ आहे. परंतु झाकणातील पातळ पडदा फाटला तर बऱ्याच गाड्यांत सबंध झाकणच बदलावे लागते, आणि वॉरंटीच्या मुदतीत मालकाने पाना लावणे त्याच्याच अंगाशी येऊ शकते. सीमारेषा टॅपेट कव्हरवरून उचलून बॉनेटच्या कडेवर आणून ठेवली गेली.

दुसरीकडून हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न पुढे आला. मुंबई उच्च न्यायालयातील स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमच्या याचिकेनंतर व्ही. एम. लाल समिती नेमली गेली आणि जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळावे लागले. २०१३ मध्ये टॅक्सीचे आयुष्य २० वर्षांवर आणले गेले. २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. निळा धूर ओकणाऱ्या गाड्या जाणे आवश्यकच होते. मुंबईच्या टॅक्सीचालकांच्या संघटनेने निदान एक पद्मिनी जतन करून ठेवावी, अशी मागणी त्या वेळी केली.

गाडी जतन करणे तुलनेने सोपे आहे. तिच्यावर काम केलेल्या मिस्त्रींची आणि मालकांची तोंडी साक्ष नोंदविणे अधिक निकडीचे आहे, कारण १९७० च्या दशकात कामाला लागलेली पिढी आज सत्तरीच्या आसपास आहे. गोडदेव, नवघर, खारी या परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून देता येण्याजोगे आहे. साक्ष घेताना प्रश्न मिस्त्रीच्याच शब्दांत विचारावे लागतील: बॅक कॉम्प्रेशन कसे ओळखत, शेलॅक कुठून आणीत, पहिले टॅपेट कव्हर कोणाच्या देखरेखीखाली उघडले, आणि मालक शेजारी उभा राहून पाहत असे तेव्हा त्याला काय सांगत व काय सांगत नसत.